डुलकी चालकाची, उत्तर कोणाचे?

२ जुलै २०२३, रविवार. बुलढाण्याच्या स्मशानभूमीत चोवीस जणांवर एकाच वेळी अंत्यसंस्कार झाले. आपल्या लेकराची चिता नेमकी कोणती, हे तिथे जमलेल्या आईबापांना ठाऊक नव्हते. ओळख पटवण्यासारखे देह उरले नव्हते आणि डीएनए चाचणीचे निकाल यायला वेळ लागणार होता. म्हणून नातेवाइकांनी सामूहिक अंत्यविधीला होकार दिला. त्याच्या आदल्या दिवशी, १ जुलैला, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर बस समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्याजवळ धडकून उलटली. डिझेलची टाकी फुटली. गाडी पेटली. तेहतीस जणांपैकी पंचवीस गेले, आठ वाचले.

त्याच रविवारी दुपारी मुंबईत राजभवनावर अजित पवार आणि आणखी आठ जण मंत्रिपदाची शपथ घेत होते. या योगायोगावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला तिच्यात फारसा रस नाही. शपथविधीची वेळ चुकली, एवढाच तो आरोप होता आणि वेळ बदलली असती तर तो मिटलाही असता. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या अपघातानंतर महाराष्ट्रात एक मत पक्के झाले. टपरीवर, वृत्तवाहिन्यांवर, जाणत्या माणसांच्या बैठकीतही ते ऐकू येते. ते मत असे, की अशा दुर्घटनेत राजकीय नेत्याने जबाबदारी स्वीकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे मत चुकीचे आहे, एवढेच म्हणून मी थांबणार नाही. ते धोकादायक आहे.

आधी पूर्वपक्ष. तो मी शक्य तितका बळकट करून मांडतो, कारण दुबळ्या पूर्वपक्षाला पाडण्यात पुरुषार्थ नाही.

या मताचे लोक म्हणतात: बस मंत्री चालवत नव्हता. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले, पण परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. चालकाला डुलकी लागली असावी, असाच निष्कर्ष पुढे आला. त्याच्या रक्तात मद्यांश सापडल्याचा न्यायवैद्यक अहवालही वृत्तपत्रांत आला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्याच दिवशी घटनास्थळी पोहोचले. राज्याने मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. याहून सरकार काय करणार? राजीनाम्याने मेलेली माणसे परत येत नाहीत. राजीनामा देणारे वर्षभरात पुन्हा मंत्री होतात. प्रत्येक अपघाताला मंत्री जाऊ लागले, तर राज्य चालवायला उरेल कोण? शिवाय चौकशी आणि न्यायालय आहेच. आणि शेवटचा न्याय मतदार करतो.

हा युक्तिवाद सुसंगत आहे. तो मांडणाऱ्यांत प्रामाणिक माणसेही आहेत. मीही काही काळ तो अर्धा मानत होतो.

आता उत्तरपक्ष. पंच तुम्ही आहात.

सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: अपघाताचे कारण हेच मृत्यूचे कारण. बस उलटली ती चालकामुळे, हे मी वादापुरते संपूर्ण मान्य करतो. मद्य मान्य, डुलकी मान्य. पण उलटलेल्या बसमधून पंचवीस माणसे बाहेर का पडू शकली नाहीत? बस डाव्या कुशीवर पडली. दरवाजा डावीकडे, म्हणजे तो जमिनीखाली दाबला गेला. जे वाचले ते काच फोडून वाचले. उलटणे आणि जळून मरणे यांच्यामध्ये काही मिनिटे होती. त्या मिनिटांत माणूस जगावा म्हणून कायद्याने तीन गोष्टी मध्ये उभ्या केल्या आहेत: बाहेर पडायची दुसरी वाट, आग आवरायचे साधन आणि धावून येणारी मदत. यातली एकही गोष्ट चालकाच्या डोळ्यांवर अवलंबून नाही. तिन्ही शासनाच्या तपासणीवर आणि तयारीवर अवलंबून आहेत.

विदर्भातून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांतून मी अनेकदा प्रवास केला आहे. एका गाडीतले दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. गाडीचे नाव घेत नाही, कारण ती अपवाद नव्हती. काच फोडायच्या लाल हातोडीसाठी खिडकीच्या चौकटीवर प्लास्टिकचा आकडा होता. आकड्यात हातोडी नव्हती. तिथे कोणाच्या तरी इअरफोनची वायर गुंडाळलेली होती. मागची आपत्कालीन खिडकी वरच्या बर्थच्या पायथ्याशी, पडद्यामागे, आणि तिच्यापुढे पार्सलची खोकी रचलेली. गाडीवरच्या पोराला विचारले तर म्हणाला, "काका, तिकडून कोणी उतरत नाही." त्याचे बरोबरच होते. रोज कोणी उतरत नाही. पण अशा गाड्या रस्त्यावर धावतात, त्या योग्यतेचे प्रमाणपत्र घेऊनच धावतात. ते प्रमाणपत्र परिवहन खाते देते. कोणी म्हणेल, पिंपळखुट्याच्या बसची कागदपत्रे चोख होती. चोख असतील, तर प्रश्न मिटत नाही, उलट गंभीर होतो. ज्या गाडीतून पंचवीस माणसे बाहेर पडू शकत नाहीत ती कागदावर योग्य ठरत असेल, तर दोष चालकात आहे की कागदात?

आणि ही गोष्ट अचानक कळली असेही नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस ट्रकला धडकून पेटली. बारा माणसे गेली. तीही रात्रीची गाडी, तीही विदर्भातली माणसे, तीच आग. मुख्यमंत्री तेच. वारसांना पाच लाख हीच घोषणा. नाशिक ते पिंपळखुटा, मध्ये जवळपास नऊ महिने मिळाले. नऊ महिन्यांत राज्यातल्या प्रत्येक स्लीपर बसची मागची खिडकी उघडते की नाही, एवढे पाहता आले नसते का? चालकाची चूक एका क्षणाची असते. नऊ महिन्यांच्या निष्क्रियतेला डुलकी म्हणता येत नाही.

रस्त्याकडे वळू. समृद्धी हा साधा रस्ता नाही, असे शासनच अभिमानाने सांगते. ७०१ किलोमीटरचा प्रवेश-नियंत्रित मार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. प्रवेश-नियंत्रित याचा अर्थ काय? चिखली-मेहकर रस्त्यावर कुठल्या पांदीतून कोणते वाहन येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. समृद्धीवर येणारे प्रत्येक वाहन ठरावीक फाटकातूनच येते. चालकाला थांबवता येते, तपासता येते, परत पाठवता येते. म्हणजे इथे शासनाचे नियंत्रण इतर कोणत्याही रस्त्यापेक्षा जास्त आहे. मग इथेच शासनाचे उत्तरदायित्व सर्वांत कमी कसे? शेकडो किलोमीटर सरळ सिमेंटच्या रस्त्यावर चालकाची शुद्ध हरपते. महामार्ग संमोहन म्हणतात त्याला. नागपूरच्या व्हीएनआयटीने याच मार्गाच्या अभ्यासात ते मांडले. पण रस्ता खुला झाला तेव्हा चालकाने थांबायचे कुठे? पहिले कित्येक महिने मोठमोठ्या टप्प्यांवर उपाहारगृह, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा नीट मिळत नव्हती, हे त्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. डुलकी चालकाची खरी. पण झोप काढायला जागा न ठेवता रस्ता खुला करण्याचा निर्णय चालकाने घेतला नव्हता.

हे माझे भावनिक मत नाही. कायदाच तसे म्हणतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, तत्त्व किरकोळ नाही. स्टिअरिंगवर हात नसलेला माणूसही अपघाताला उत्तर देणे लागतो, हे संसदेने मान्य केले आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ त्याच्याही पुढे जातो. आपत्तीची त्यातली व्याख्या केवळ पूर आणि भूकंपापुरती नाही. अपघाताने वा हयगयीने ओढवलेला, समाजाच्या आवाक्याबाहेरचा जीवितहानीचा प्रसंगही तिच्यात येतो. आणि राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष कोण? कलम १४ वाचा. पदसिद्ध अध्यक्ष मुख्यमंत्री.

इथे पूर्वपक्षाची एक पळवाट असते. ती उघडपणे क्वचितच मांडली जाते, पण चर्चेत नेहमी असते. जबाबदारी नेमकी कोणाची? रस्ता एका खात्याचा, आरटीओ दुसऱ्याचे, मदतकार्य तिसऱ्याचे. एकट्या कोणावर बोट कसे ठेवायचे? इतर वेळी हा प्रश्न रास्त ठरला असता. पण १ जुलै २०२३ ला परिस्थिती काय होती? ऑगस्ट २०२२ च्या खातेवाटपानुसार परिवहन, सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम) म्हणजे रस्ते विकास महामंडळाचे खाते, आणि मदत-पुनर्वसन व आपत्ती व्यवस्थापन ही तिन्ही खाती स्वतः मुख्यमंत्र्यांकडे होती. गाडी तपासणारे खाते, रस्ता बांधणारे खाते आणि संकटात धावून जाणारे खाते, तिन्ही एकाच हातात. जबाबदारी वाटली गेली होती असे म्हणायला त्या रात्री जागाच नव्हती. हे मी एका व्यक्तीवर राग म्हणून लिहीत नाही. याआधीच्या आणि याहून वेगळ्या रंगाच्या सरकारांनीही हेच केले आहे, त्यांचाही हिशेब पुढे येतो. पण ज्या दिवशी उत्तर एकाच दारात होते, त्या दिवशीही आपण चालकाच्या दारात उभे राहिलो, एवढे नोंदवायलाच हवे.

आपल्याकडे प्रत्येक दुर्घटनेत एक छोटा आरोपी सापडतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर टाकला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुळासकट गेले. आधी संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. म्हणजे जे धान्य शासनच वाटते त्याकडे. खेकडा, शाम्पू, डुलकी. छोटा आरोपी सापडला की मोठा प्रश्न विचारायचा राहतो. कारण शोधणे वेगळे आणि उत्तर देणे वेगळे. कारण पोलीस शोधतात, तज्ज्ञ शोधतात. उत्तर राज्यकर्त्याने द्यायचे असते.

हा भेद परदेशातून आयात केलेला नाही. १९५६ मध्ये भारताने तो जगाला दाखवला. लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते. त्या वर्षी महबूबनगरजवळच्या अपघातात शंभरावर माणसे गेली, त्यांनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी तो नाकारला. नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत अरियलूरला पूल खचून दीडशेच्या आसपास माणसे गेली. शास्त्रींनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी नेहरूंनी तो स्वीकारला आणि संसदेत जे सांगितले ते नेमके लक्षात घ्यायला हवे. शास्त्री या अपघाताला कोणत्याही प्रकारे जबाबदार आहेत म्हणून आपण राजीनामा स्वीकारत नसून घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून स्वीकारत आहोत, अशा आशयाचे ते निवेदन होते. म्हणजे मंत्री गाडी चालवत नव्हता हे नेहरूंनाही माहीत होते. पुराच्या पाण्याने खचलेल्या पुलावर शास्त्री उभे नव्हते. तरीही उत्तर त्यांचेच. "मंत्री बस चालवत नव्हता" हे वाक्य आज जणू नवा शोध लागल्यासारखे उच्चारले जाते. त्याचे खंडन जवळपास सत्तर वर्षांपूर्वी, सत्ताधारी पंतप्रधानाने, संसदेच्या पटलावर करून ठेवले आहे.

आणि शास्त्री परत आले. १९५७ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा मंत्रिमंडळात होते, पुढे पंतप्रधान झाले. परत येणे हा जबाबदारीचा पराभव असेल, तर शास्त्रींचे उदाहरण आजही आदराने का दिले जाते?

पूर्वपक्षाला मी आता एक मोठी सवलत देतो, कारण ती त्यांच्या हक्काची आहे. नुसता राजीनामा म्हणजे जबाबदारी नव्हे. महाराष्ट्रातच याचे दोन ठळक पुरावे आहेत. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर केंद्रात शिवराज पाटील गेले, १ डिसेंबरला उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा गेले, पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. पण कशामुळे? आबा एका अनुचित वाक्यामुळे. विलासराव ताज हॉटेलच्या पाहणीत एक चित्रपट दिग्दर्शक सोबत होता म्हणून. लोकांना जे खटकले त्याची ती किंमत होती. किनाऱ्याची गस्त, शस्त्रांची वानवा, यंत्रणेतला विसंवाद यांबद्दल "माझ्या खात्यात हे झाले नाही" असे सांगून गेलेला राजीनामा तो नव्हता. वर्षभरात आबा पुन्हा गृहमंत्री होते.

त्याआधी नागपूर. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारी समाजाचा मोर्चा, लाठीमार, चेंगराचेंगरी, ११४ मृत्यू. बहुतेक बायका आणि मुले. राजीनामा दिला आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी. त्यांच्या वैयक्तिक सचोटीबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण लाठीमार करणारे पोलीस त्यांच्या खात्याचे नव्हते. ज्याचे पोलीस, त्याचे उत्तर आलेच नाही. न्यायमूर्ती दाणी आयोगाने कोणाला दोषी धरले नाही. गोवारी बांधव आजही दरवर्षी नागपूरच्या स्मारकाशी जमतात. त्यांना राजीनामा मिळाला, उत्तर मिळाले नाही.

मग यावरून निष्कर्ष कोणता निघतो? राजीनामे पोकळ ठरले, म्हणून जबाबदारीच नको? की जबाबदारीशिवाय दिलेले राजीनामे पोकळ ठरले, म्हणून आधी जबाबदारी हवी? पूर्वपक्ष पहिला निष्कर्ष काढतो. पुराव्यातून निघतो तो दुसरा.

राजीनाम्याशिवाय जबाबदारी घेता येते का? येते. ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना वादळाने अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स बुडाले, मदत वेळेवर पोहोचली नाही. १३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर सांगितले, की संघराज्य सरकारने आपले काम जिथे नीट केले नाही तिथली जबाबदारी माझी. ते पदावरच राहिले. पण त्यानंतर त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या सभागृहाने अपयशाचा जाडजूड अहवाल काढला आणि २००६ मध्ये आपत्ती यंत्रणेच्या सुधारणेचा कायदा झाला. बुश यांच्या राजकारणाचा मी चाहता नाही. पण एका वाक्याने काय होते ते पाहा. "माझे चुकले" म्हटल्यावर "काय चुकले?" हा प्रश्न कोणाला थोपवता येत नाही. चौकशीचे दार नेता स्वतः उघडतो. आपल्याकडे नेता दुःख व्यक्त करतो. दुःख खरे असेल, मी त्यावर शंका घेत नाही. पण दुःखाला प्रश्न विचारता येत नाहीत. जबाबदारीला येतात.

म्हणून सगळे मंत्री राजीनामा देऊन बसतील आणि राज्य ओस पडेल, ही भीती बाजूला ठेवू. माझी मागणी राजीनाम्याची नाहीच. ती राजीनाम्यापेक्षा अवघड आहे: सभागृहात उभे राहून, तारीखवार, खातेवार हिशेब. नाशिकनंतर किती स्लीपर गाड्या तपासल्या? किती बंद केल्या? त्या रात्री पहिला फोन किती वाजता गेला, पहिली रुग्णवाहिका किती वाजता आली, अग्निशमनाचा बंब कुठून निघाला? समृद्धीवर दर किती किलोमीटरला पाण्याची सोय होती? मदतीसाठी हात दाखवूनही काही गाड्या थांबल्या नाहीत, असे बचावलेल्यांनी सांगितले. मदत करणाऱ्याला पोलिसांचा जाच होणार नाही, अशी हमी कायद्यातल्या कलम १३४अ ने दिली आहे. ही हमी चालकांपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणाचे होते?

चौकशी आणि न्यायालय यांचा दाखला थोडक्यात निकालात काढतो. न्यायालय विचारते, गुन्हा कोणाचा. संविधानाचे कलम १६४(२) सांगते, मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. त्यात "गुन्हा सिद्ध झाल्यावर" असे शब्द नाहीत. मतदारांचा न्यायही तसाच. पाच वर्षांनी एकदा, शेकडो प्रश्नांचे मिळून एक बटण. पिंपळखुट्याचा हिशेब त्या बटणात शोधायचा कसा?

एक दुजोरा पूर्वपक्षाच्याच घरातून. १५ ऑक्टोबर २०२३ ला याच समृद्धीवर वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ट्रकवर आदळून बारा जण गेले. तो ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी थांबवला होता म्हणून दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. म्हणजे गाडी न चालवणाऱ्यालाही अपघातासाठी धरता येते, हे शासनाला मान्य आहे. मान्य नाही ते इतकेच, की ही साखळी वर चढते. सहायक निरीक्षकापर्यंत जबाबदारी चालत येते आणि मंत्रालयाच्या पायरीशी थांबते. ती तिथे का थांबावी, याचे एकही तर्कशुद्ध कारण मी अजून ऐकलेले नाही.

आपल्या जिल्ह्याने त्या एका महिन्यात काय सोसले, ते बाहेरच्यांना ठाऊक नाही. १ जुलैला पिंपळखुटा. २२ जुलैला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने गावे वेढली. २९ जुलैला मलकापूरजवळ दोन ट्रॅव्हल्स समोरासमोर धडकून सहा जण गेले, त्यांतली एक अमरनाथची यात्रा करून परतत होती. जिल्ह्याच्या मुख्य गावाला आजही रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. पोरांना शिकायला, नोकरीला पुण्याला जायचे तर रात्रीची ट्रॅव्हल्स हाच मार्ग. पाच लाखांचा धनादेश मी कमी लेखत नाही. घरातला कमावता गेला की त्याची गरज असते. पण सानुग्रह म्हणजे अनुग्रह. तो देणाऱ्याच्या मर्जीचा असतो. उत्तर हा हक्क आहे. अनुग्रहाने हक्क फिटत नाही.

उत्तर न मिळाल्यावर काय होते, तेही याच जागी दिसले. अपघातानंतर काही दिवसांत त्या ठिकाणी मृत्युंजय यंत्र बसवून जप झाला. आसपासचे अपघात टळतील, असा दावा होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, आणि तो रास्तच होता. पण त्या गर्दीतल्या माणसांवर मला राग धरता येत नाही. शासनाने दोष डुलकीवर टाकला, त्यांनी तो ग्रहांवर टाकला. दोन्हीकडे माणसाने उत्तर देण्याची गरज उरली नाही.

वाचकहो, निकाल तुमचा आहे. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सिंदखेडराजात सगळ्या पक्षांचे नेते येतात. पिंपळखुटा त्याच तालुक्यात आहे. पुढच्या खेपेला जो कोणी मंत्री, माजी मंत्री किंवा मंत्री होऊ पाहणारा राजवाड्यासमोर तुम्हाला भेटेल, त्याला हार घाला, नमस्कार करा आणि मग शांतपणे एवढेच विचारा: साहेब, त्या रात्री चालकाने काय केले ते आम्हाला माहीत आहे. तुमच्या खात्याने काय करायला हवे होते, आणि काय केले नाही?